मन्रोव्हिलचे जुने न्यायालय

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मन्रोव्हिल या लहानशा गावी मन्रो काउंटीचे जुने न्यायालय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या या लाल विटांच्या इमारतीवर घुमटाकार मनोरा असून आतील दालन लंबवर्तुळाकार आहे. ए. सी. ली येथे वकिली करीत. त्यांची कन्या हार्पर सज्जातून कामकाज पाहत असे. १९६० मध्ये तिची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी आली आणि १९६२ च्या चित्रपटासाठी हॉलिवूडमध्ये या दालनाची प्रतिकृती बांधण्यात आली. पुढच्याच वर्षी न्यायदान नव्या इमारतीत गेले. जुनी वास्तू कालांतराने संग्रहालय झाली.

१९९१ मध्ये येथे कादंबरीच्या नाट्यरूपाचे प्रयोग सुरू झाले. निरपराध कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनला दोषी ठरविणारे पंच प्रेक्षकांतूनच निवडले जात. त्याच वेळी याच काउंटीतील वॉल्टर मॅकमिलियन हा कृष्णवर्णीय मनुष्य, न केलेल्या खुनासाठी १९८८ मध्ये दोषी ठरून, मृत्युदंडाच्या कोठडीत होता. १९९३ मध्ये त्याची सुटका झाली. कल्पित अन्यायाने हळहळणाऱ्या गावाला शेजारचा खरा अन्याय दिसतोच असे नाही. या वास्तूचा इतिहास सांगताना म्हणूनच दोन्ही खटले एकत्र सांगावे लागतात.