सेन्सर आणि फ्युएल लाइनचे बोल्ट नेमके किती आवळायचे?

बोल्ट जितका घट्ट तितका चांगला, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. इंजिनवरचे सेन्सर आणि फ्युएल सिस्टिम यांच्या बाबतीत ते खरं नाही. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण गाडीची छोटी कामं घरीच करतो. म्हणून हा विषय सोप्या भाषेत मांडतोय.

टॉर्क म्हणजे काय?

पाना फिरवताना बोल्टला दिलेला पीळ म्हणजे टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. १ मीटर लांबीचा पाना आडवा धरून टोकाला साधारण १ किलो वजन टांगलं, की १० न्यूटन-मीटर होतात. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि हा ताणच दोन भाग धरून ठेवतो. पण टॉर्कचा बराचसा भाग आट्यांमधलं आणि बोल्टच्या डोक्याखालचं घर्षण खातं. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट बोल्टला वापरला, तर ताण वाढतो आणि ॲल्युमिनियममधले आटे जाऊ शकतात.

सेन्सर

नॉक सेन्सरचं उदाहरण बघा. इंजिनची कंपनं त्यातल्या पिझो घटकापर्यंत नीट पोचतात ती बोल्टच्या दाबामुळे. अनेक गाड्यांत त्याचा टॉर्क २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. तो चुकला तर सिग्नल बदलतो आणि ईसीयू चुकीच्या माहितीवर इग्निशन टायमिंग ठरवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर, इनपुटच खराब!

ऑक्सिजन सेन्सरला अँटी-सीझ पेस्ट लागलीच, तर फक्त आट्यांना लावा, टोकाला नाही. नव्या सेन्सरवर ती बऱ्याचदा आधीच लावलेली असते.

फ्युएल सिस्टिम

- साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. दाब उतरतो. इंजिन थंड झालं की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
- इंजेक्टरची ओ-रिंग नवी घ्या, तिला स्वच्छ इंजिन ऑइल लावा.
- बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर एकदा दबले की बदला.
- प्रत्येक बोल्ट आधी हाताने फिरवा, टॉर्क रेंच शेवटी. एकदा ‘टक’ झालं की थांबा.
- कॉमन रेल डिझेलमध्ये दाब १,६०० बारच्याही वर जातो. ती धार कातडीतून आत घुसते. ते पाइप घरी उघडू नका.

गळती तपासणी

फ्यूज आणि बॅटरी जोडा. इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. बहुतेक गाड्यांत पंप काही सेकंद चालून दाब तयार करतो. टॉर्चने प्रत्येक जोड बघा. थेंब दिसला किंवा वास आला तर स्टार्टर मारू नका, आणि बोल्ट आणखी आवळूही नका. तिथे गळती थांबवायचं काम ओ-रिंगचं किंवा वॉशरचं असतं, तेच उघडून तपासा.

वरचे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून दिलेत. तुमच्या गाडीचा खरा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा.