सोंगामागचा माणूस : बहिर्जी नाईक, बहुरूपी आणि पडद्यावरचा हेर

१/
तासगावच्या शेजारी, खानापूर तालुक्यात बाणूरगड आहे. इतिहासात त्याचे नाव भूपाळगड. या गडावर एक समाधी दाखवली जाते, ती शिवाजी महाराजांचे जासूद बहिर्जी नाईक यांची. मराठी पडद्यावरचा सर्वांत लाडका हेर तो हाच. पण हा हेर कोणत्या समाजातून आला आणि त्याची सोंगे कोणाची होती, हे पडदा फारसे सांगत नाही.

२/
सुरतेच्या मोहिमेसंदर्भात (१६६४) सभासद बखरीत बहिर्जीचा उल्लेख येतो. परंतु त्याच्या वेषांतरांच्या कथा मुख्यतः लोकपरंपरेने जपल्या. परंपरा त्याला रामोशी समाजाचा मानते. फकीर, वासुदेव, गोंधळी, भिकारी ही त्याची सोंगे म्हणून सांगितली जातात.

३/
ही यादी नीट पाहावी. यांतले एकही सोंग सरदाराचे नाही. दारोदार हिंडणाऱ्या माणसाला कोणी नाव विचारत नसे, त्याच्यासमोर बोलताना कोणी आवाजही खाली आणत नसे. वेषांतराचे खरे बळ दाढी-मिशांत नव्हते. ते वरच्यांच्या दुर्लक्षात होते.

४/
हेरगिरीतला विनोदही येथेच जन्मतो. ‘पिंक पँथर’मधला क्लूसो किंवा ‘जॉनी इंग्लिश’ यांत आपण धांदरट नायकाची फजिती पाहून हसतो. लोककथेतल्या बहिर्जीच्या बाबतीत उलटे घडते. तेथे फजिती होते ती शत्रूची, कारण समोरचा याचक कोण आहे हे त्याला कळतच नाही. २०१५ च्या ‘स्पाय’ या हॉलिवूडपटात मेलिसा मॅकार्थीच्या नायिकेला मुद्दाम बावळट, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या बायकांची सोंगे दिली जातात. त्या विनोदाचे मूळही याच दुर्लक्षात आहे.

५/
ही कला गावोगाव जिवंत ठेवली ती बहुरूप्यांनी. बहुरूपी हवालदाराच्या वेषात दारात उभा राही, खोट्या गुन्ह्यासाठी दरडावी, घरातली पोरे घाबरत आणि मग सगळे घर हसू लागे. त्यानंतर तो पसाभर धान्य मागे. सत्तेची नक्कल हीच त्याची उपजीविका होती.

६/
तोच हवालदार तमाशाच्या बोर्डावरही आला. सांगली-तासगाव रस्त्यावरच्या कवलापूरचे जुळे भाऊ लहू आणि अंकुश खाडे यांनी ‘जहरी प्याला’ या वगात काळू आणि बाळू हे हवालदार रंगवले. ही पात्रे इतकी गाजली की तीच त्यांची नावे झाली. तमाशाचे बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आले. ज्यांना पोलिसाच्या दंडुक्याचे भय सर्वाधिक, त्यांनीच त्याच्या गणवेशाला हसण्याचा विषय केले.

७/
आता कायद्याकडे पाहू. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत, तर भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी, गोंधळी आणि नाथपंथी डवरी गोसावी.

८/
दिग्पाल लांजेकर यांचा ‘फर्जंद’ १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यात प्रसाद ओक यांनी बहिर्जी साकारला आणि मृण्मयी देशपांडे यांनी केसर. स्त्री हेराला मिळालेली ही जागा महत्त्वाची होती. पुढे ‘फत्तेशिकस्त’मध्ये (२०१९) हरीश दुधाडे यांनी बहिर्जी उभा केला. प्रेक्षागृहांत टाळ्या पडल्या.

९/
‘फर्जंद’नंतर बरोबर एक महिन्याने, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मुले पळवतात, अशी अफवा पसरली होती. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्यांनी कोणतेही सोंग घेतलेले नव्हते.

१०/
पडद्यावर झोळीवाला दिसला की त्याच्या आत नायक असणार याची प्रेक्षकाला खात्री असते. दारात तोच झोळीवाला आला की मनात संशय येतो. म्हणून चित्रपटातल्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न बहिर्जी कोणी साकारला एवढ्यावर संपत नाही. ज्यांची झोळी, टोपी आणि संबळ हेराने उसने घेतले, त्या माणसांना त्या कथेत स्वतःचे नाव आहे का, हे विचारावे लागते. बाणूरगडाची समाधी पाहायला जाणाऱ्याने वाटेत भेटणाऱ्या भटक्याला त्याचे नाव जरूर विचारावे.