रंगखडूतला मंगळ

यानाने पाठवलेलं मंगळाचं पहिलं जवळचं चित्र माणसांनी चक्क रंगखडूने रंगवलेलं आहे. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे अमेरिकी यान मंगळापासून दहा हजार किलोमीटरच्या आतून गेलं आणि जाता जाता त्याने एकवीस पूर्ण आणि एक अर्धवट चित्र टेपवर साठवलं. एका चित्रात २०० ओळी, ओळीत २०० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला ० ते ६३ मधला एक आकडा. हे आकडे पृथ्वीवर येण्याचा वेग सेकंदाला जेमतेम आठ बिट, म्हणजे एका चित्राला आठ तास!

टेप नीट चालली की नाही, याची कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत धाकधूक होती. संगणक चित्र जुळवीपर्यंत तिथल्या रिचर्ड ग्रम या अभियंत्याला आणि त्याच्या सोबत्यांना धीर निघेना. त्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि ठिपक्यांच्या रांगोळीत रंग भरावा तसे आकड्याआकड्याने खडू फिरवले. हवे होते करड्या छटांचे, दुकानात मिळाले रंगीत. तांबड्या-पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांतून मंगळाची कड उमटली. पुढे ती भिंतीवरची पट्टी चौकटीत बसवून संचालक विल्यम पिकरिंग यांना भेट दिली गेली.

पुढच्या चित्रांनी मात्र हिरमोड केला. मंगळावर कालवे असतील, निदान झाडोरा तरी, ही आशा बाळगणाऱ्यांना दिसली ती चंद्रासारखी विवरं. रंगाचा घोळही सुटला नव्हताच. १९७६ मध्ये व्हायकिंग १ हे यान मंगळावर उतरलं, तेव्हा पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर दाखवलं गेलं आणि मग दुरुस्ती होऊन ते गुलाबीसर झालं. आकडे मंगळाचे, रंगांचा हिशेब माणसाचा. आज आपण फोनवर जे फोटो बोटाने मोठे करून पाहतो, त्यांचंही मूळ हेच.

आपल्या संभाजीनगरकरांना मंगळाचं एक जास्तीचं कौतुक आहे. २००४ मध्ये मंगळावर स्पिरिट या गाडीने तपासलेला पहिला दगड बसाल्ट निघाला. वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलंय आणि दौलताबादचा किल्ला ज्यावर उभा आहे, त्याच जातीचा काळा फत्तर. मंगळाचे फोटो पाहताना परक्या जागी आल्यासारखं वाटत नाही, ते बहुधा यामुळेच.

आणि विवर पाहायचं तर जालन्यावरून पुढे लोणार आहेच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या खड्ड्याला ज्वालामुखीचं मुख म्हणणारे बरेच होते. १९७३ मध्ये कर्ट फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये तिथल्या खडकांचे पुरावे मांडले: उल्केच्या आघाताच्या दाबाने स्फटिकांची काच झाली होती आणि तशी काच चंद्रावरच्या दगडांतही सापडली होती. आता मंगळाची विवरं अभ्यासणारेही लोणारच्या कडेला येतात, कारण स्फोटाने उसळून बाहेर पडलेला बसाल्टचा थर तिथे हातोडीने फोडून पाहता येतो.