दाणा आणि पीठ

वाचकहो, जोंधळ्याचा दाणा आणि जोंधळ्याचे पीठ ही एकाच पिकाची. पण पिठाची भाकरी होते, पेरणी होत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमचेही असेच आहे. माणूस लिहितो आणि वाचतो तो सोर्स कोड, म्हणजे दाणा. तो दळून यंत्रापुरता केला की झाली बायनरी, म्हणजे पीठ. बायनरीने काम चालते. पण तीत चूक निघाली तर दुरुस्ती फार अवघड.

हा भेद कुणाला बोचला, ते पाहू. १९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. छपाईयंत्रात कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा, अशी सोय त्यांनी जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये केली होती. पुढे झेरॉक्सचे नवे यंत्र आले, आणि त्याच्याबरोबर नुसते पीठ! कागद तर अडकतच होता. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकापाशी सोर्स कोड होता. स्टॉलमन मागायला गेले. पण ‘कुणाला देणार नाही’ असे त्याने लिहून दिलेले. हात हलवीत परत यावे लागले.

१९८३ साली स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना काढला. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिसरे कलम आहे, ते ध्यानात ठेवा. बायनरी विकायची तर सोर्स कोड बरोबर द्यावा. नाहीतर निदान तीन वर्षे, मागेल त्याला, प्रत पोचवण्याच्या खर्चात देऊ, असे लिहून द्यावे. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९२ साली आपल्या लिनक्सला हाच परवाना लावला.

पण कलम लिहिले म्हणजे पाळले जाते असे थोडेच? २००३ साली लिंक्सिस कंपनीच्या इंटरनेट वाटून देणाऱ्या एका पेटीत लिनक्स आहे, असे जाणत्यांच्या ध्यानात आले. सोर्स कोड मात्र मिळेना. लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा त्याच वर्षी कंपनीने तो खुला केला. त्याच दाण्यातून पुढे ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे नवे पीक उभे राहिले.

सारेच परवाने इतके बांधून घेत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एमआयटी परवान्याचा सोर्स कोड घेऊन नुसती बायनरी विकली तरी चालते. मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’चा सोर्स कोड याच परवान्याखाली खुला आहे, पण कंपनीकडून तयार मिळणाऱ्या प्रोग्रॅमला परवाना निराळा, कंपनीचा स्वतःचा. म्हणजे दाण्याच्या अटी एक, पिठाच्या दुसऱ्या.

आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे, आणि त्या गाभ्यापुरते तिसरे कलम तिथेही लागू आहे. तेव्हा शिक्षक मित्रहो, शाळेत कुणी ‘खुला प्रोग्रॅम’ म्हणून काही आणून दिले, तर एवढे विचारा: हे पीठ ठीक आहे, याचा दाणा कुठे मिळेल, आणि तो पेरायची मुभा आहे ना?