वसईचे शिलालेख व छायाचित्राची मूळ प्रत

सन १७३९ त मराठ्यांनीं जिंकलेल्या वसई किल्ल्यांत, फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्यें, पोर्तुगीज थडग्यांचे लेख जमिनीवर आजहि दिसतात. डॉ. गर्सन द कुन्हा यांच्या १८७६ सालच्या चौल-वसईविषयक ग्रंथांत छायाचित्रें आहेत. त्या काळीं छायाचित्राची मूळ प्रत म्हणजे कांच.

हल्लीं जुन्या कॅमेऱ्यास कांचेच्या जागीं डिजिटल बॅक बसवितात. परंतु ४ × ५ इंची कांचेच्या मानानें ५४ × ४० मिलिमीटरच्या बॅकेंत सुमारें सहावा हिस्साच मावतो. म्हणून भिंग स्थिर ठेवून बॅक सरकवीत तुकडे घ्यावयाचे व मागाहून जोडावयाचे. यांत दृष्टिस्थान पालटत नाहीं, हा मोठा गुण होय.

तथापि जोडलेलें चित्र ही मूळ प्रत नव्हे. तो संपादित पाठ होय. झिजलेलें अक्षर तिरप्या उन्हाच्या छायेवरून लावावें लागतें. दोन तुकड्यांमध्यें ऊन कललें तर सांध्यावर दगडांत नसलेली रेघ उमटूं शकते. पोथीच्या नकलेंत शिरलेल्या अपपाठासारखीच ही गोष्ट आहे.

सबब आमची विनंती इतकीच कीं, संग्राहकांनीं न जोडलेले तुकडे वेळ व उन्हाची दिशा नोंदवून जपावे. वाद पडल्यास साक्ष त्यांचीच घ्यावी लागेल.