खाडीकांठचीं ग्रामनामें व तरींचीं नांवें

सावित्रीच्या खाडीवर उत्तरेस बागमांडलें व दक्षिणेस वेसवी अशीं दोन गांवें आहेत. रायगड व रत्नागिरी या दोन जिल्ह्यांमधील हा उतार आज वाहनें वाहून नेणाऱ्या बोटींनीं होतो. यांपैकीं पहिल्या गांवाचें नांव कोणी 'बागमांडला' लिहितात, कोणी 'बागमांडले'. दुसऱ्याचें कोणी 'वेसवी', कोणी 'वेश्वी'. खाडी एक, आणि लेखनें चार.

हा वाद क्षुल्लक आहे असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. गांव जागचें हालत नाहीं, मग काना दिला काय आणि मात्रा दिली काय, असा त्यांचा प्रश्न असतो. परंतु ज्यांस जुने कागद वाचून स्थलनिश्चय करावा लागतो त्यांस हें पटणार नाहीं. अलिबागेजवळहि वेश्वी नांवाचें गांव आहे. तेव्हां सावित्रीकांठचें वेसवी जर 'वेश्वी' म्हणून छापलें गेलें, तर पुढील सूचीकार एका गांवचा कागद दुसऱ्या गांवच्या पदरीं बांधील. शिवाय तरीच्या बोटीवर व धक्क्यावर जें नांव रंगविलें जातें, तेंच खाडीकांठचीं मुलें प्रथम वाचतात व तेंच खरें मानतात. म्हणून प्रस्तुत लेखांत दोन प्रश्नांचा विचार योजिला आहे: या गांवांचीं नांवें कोणत्या पुराव्यावर लिहावीं, आणि तरींच्या बोटींस कोणतीं नांवें द्यावीं. पहिल्याचा निर्णय झाल्यावांचून दुसरा सुटत नाहीं, हें पुढें दिसून येईल.

संशोधकाचा पहिला ओढा अर्थातच मोडी कागदांकडे असतो. तो योग्यच आहे. परंतु या वादांत मोडी साक्षीदाराची मर्यादा ओळखली पाहिजे. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळीत नाहींत. यामुळें 'मुरुड' कीं 'मुरूड' या वादांत शंभर मोडी पत्रें पुढें मांडलीं तरी निकाल लागावयाचा नाहीं. आज 'मुरूड' लिहावें असें ठरतें तें शुद्धलेखनाच्या नियमानें, कागदाच्या आधारानें नव्हे. ज्यास 'अस्सल कागदांत असेंच आहे' असें म्हणावयाचें असेल, त्यानें कागदाच्या लिपीला तो भेद दाखवितां येतो कीं नाहीं हें आधीं पाहावें.

दुसरी अडचण विभक्तीची. कागदांत गांवाचें नांव बहुधा विभक्ति लागूनच येतें: ठाण्यास, वांद्र्याहून, मांडव्याची. आतां मराठींत आकारान्त पुल्लिंगी व एंकारान्त नपुंसकलिंगी या दोन्ही शब्दांचें सामान्यरूप सारखेंच होतें. घोडा-घोड्यास, केळें-केळ्यास. यास्तव 'बागमांडल्यास' या रूपावरून मूळ शब्द 'बागमांडला' कीं 'बागमांडलें', हें सांगतां येत नाहीं. तें सांगणार प्रथमेचें रूप, किंवा त्याच्याशीं जुळणारें विशेषण अथवा क्रियापद. गांव 'वसला' असें लिहिलें आहे कीं 'वसलें', हें पाहिलें पाहिजे. म्हणून आमच्या मतें प्रथमेचें एक रूप हें सामान्यरूपाच्या दहा उल्लेखांहून मोलाचें होय, आणि संग्राहकांनीं तें आढळल्यास अवश्य टिपून ठेवावें.

इंग्रजी दफ्तर या बाबतींत उपयोगी नाहीं, इतकेंच नव्हे तर तें दिशाभूल करितें. इंग्रजांनीं 'ठाणें' याचें 'ठाना' व 'वांद्रें' याचें 'बांद्रा' केलें. म्हणजे आमचा नपुंसकलिंगी 'एं' त्यांच्या लेखनांत 'आ' होऊन बसला. तेव्हां रोमन लेखनाच्या अंतीं असलेला 'आ' हा मूळच्या आकाराचा पुरावा नव्हे. 'बागमांडला' हें रूप अशाच उलट प्रवासानें आलें असावें असा आमचा तर्क आहे. भरींत भर, सन १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले आणि 'एं'काराचें लिंग सांगणारें तें टिंबहि गेलें. प्रस्तुत लेखांत आम्हीं जुनें लेखन बुद्ध्याच राखिलें आहे तें याच कारणास्तव.

या उलट प्रवासाचीं उदाहरणें मुंबईंतच ढळढळीत आहेत. 'शीव' हें नांव रोमनांत गेलें व देवनागरींत परत येतांना 'सायन' होऊन आलें. वेसावें या कोळीवाड्याचें नांव रोमन लेखनांत नसता रफार घेऊन बसलें, आणि आतां पाट्यांवर देवनागरींत 'वर्सोवा' असें झळकतें. मढकडे जाणारी तर ज्या गांवाहून सुटते, त्या गांवचे कोळी आपणांस वेसावकर म्हणवितात, वर्सोवकर नव्हे. पाटी व आडनांव यांचा असा विरोध पडला म्हणजे आडनांवावर विश्वास ठेवावा. पाटी सरकार बदलतें. आडनांव मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवितो.

इतकें म्हटल्यावर परकीयांचें सर्वच लेखन टाकाऊ, असा कोणी अर्थ काढील. तो आमचा नव्हे. चेऊलचें उदाहरण घ्यावें. आज नकाशांत 'चौल' छापतात. जुन्या मराठी कागदांत 'चेऊल' आढळतें. यांत मूळचें कोणतें? कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत 'चेमुल' आहे. शिलाहार अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटांत ठाणें व सोपारें या बंदरांबरोबर हें बंदर 'चेमूल्य' म्हणून येतें. अरबांनीं त्याचें 'सैमूर' केलें. मसूदी तेथें इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभीं आला होता. आतां दोन स्वरांमधील 'म'काराचा सानुनासिक 'व' होणें हा मराठीचा जुना धर्म आहे: ग्राम-गांव, नाम-नांव. त्याच वाटेनें चेमुल-चेंवुल-चेऊल अशी परंपरा सरळ लागते. आणि या परंपरेस साक्ष मिळते ती एका रशियन प्रवाशाची. इ. स. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन या बंदरास उतरला, आणि त्यानें नांव लिहिलें तें 'चिविल' या धर्तीचें. ज्यास मराठी शुद्धलेखनाची वार्ता नव्हती, त्यानें कानांनीं ऐकलेला 'व' कागदावर उतरविला. पोर्तुगीज आले ते यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं. 'चौल' हें रूप रूढ झालें तें त्यांच्या लेखनानें, असें आम्हांस वाटतें.

यावरून आमचा नियम असा: ज्या रूपावरून दुसऱ्या रूपांची उपपत्ति लागते, तें रूप मूळचें मानावें. चेमुलावरून चेऊल लागतें, चेऊलावरून चौल लागतें. उलट लागत नाहीं. वेसाव्यावरून वर्सोवा समजतें. वर्सोव्यावरून वेसावें कधींच समजणार नाहीं. साक्षींचा अनुक्रमहि यांतूनच ठरतो. प्रथम गांवकऱ्याच्या तोंडचें प्रथमेचें रूप, मग मराठी कागदांतील प्रथमा, मग शिलालेख-ताम्रपट व कानांनीं ऐकून लिहिणारे प्रवासी, आणि शेवटीं नकाशे व पाट्या.

या नियमाची कसोटी आमच्यावरच येते ती दाभोळच्या नदीपाशीं. संस्कृतज्ञ म्हणतात, वसिष्ठावरून 'वासिष्ठी' हेंच शुद्ध. लोक म्हणतात 'वाशिष्ठी', आणि कित्येक पाट्यांवर तर 'वाशिष्टी' असते. व्युत्पत्ति संस्कृतज्ञांच्या बाजूस आहे, हें आम्ही मान्य करितों. परंतु इकारापूर्वीं 'स'चा 'श' होणें हा मराठीचा स्वभाव आहे; म्हैस-म्हशी, वेस-वेशी हे शब्द कोणी अशुद्ध म्हणत नाहीं. ज्या नदीच्या दोन्ही कांठांस श उच्चारला जातो तिला स लावण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं. 'वाशिष्ठी' लिहावें, 'ष्टी' मात्र लिहूं नये, कारण वसिष्ठाचा ठकार घालविण्यास कांहींच आधार दिसत नाहीं.

राजाज्ञेनें बदललेल्या नांवांची कथा निराळी. बाणकोटचा किल्ला आंग्ऱ्यांकडे असतां हिंमतगड होता. सन १७५५ त कमोडोर जेम्सनें तो घेतला, सन १७५६ च्या तहानें तो कंपनीस मिळाला, आणि इंग्रजांनीं त्यास 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हटलें. आज हिंमतगड पोथींत आहे, व्हिक्टोरिया जुन्या नकाशांत आहे, आणि खाडीच्या तोंडाशीं बाणकोट तें बाणकोटच आहे. किल्ल्याचें नांव घेणारा जातो. उतारावर हांक मारणारा राहतो.

आतां तरींकडे वळूं. 'तर' हा शब्द आमच्या भाषेंत जुना व स्त्रीलिंगी आहे. सन १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें सार्वजनिक तरींस सरकारी बंधन आलें व त्यांचे मक्ते होऊं लागले, तरी शब्द लोकांच्या तोंडीं राहिला. 'धरमतर' या नांवांत तो गोठून बसला आहे. धर्मार्थ, म्हणजे उतारूपासून कांहीं न घेतां, चालविलेली तर असा त्याचा अर्थ आम्ही लावितों. आज धक्क्यांवर 'फेरीबोट' लिहितात. दाभोळकडे वाहनांच्या बोटीस लोक 'जंगल जेटी' म्हणतात आणि शहरचा मनुष्य त्यास हंसतो. आमच्या मतें हंसण्याचें कारण नाहीं. दोन होड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या तराफ्यास 'जंगार' म्हणण्याचा प्रघात दक्षिणेच्या किनाऱ्यास अद्याप आहे. केरळांत वाहनांच्या बोटीस हेंच नांव चालतें. पोर्तुगीज 'जंगाद' त्याच कुळांतील, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत एकसंध लांकडें जोडून केलेल्या मोठ्या नावांस 'संगार' म्हटलें आहे, तेंहि विद्वान्‌ याच कुळांतील समजतात. तेव्हां 'जंगल' हा 'जंगार'चाच अपभ्रंश असावा. ज्यास आपण अडाण्याचा शब्द म्हणतों तो कदाचित्‌ सर्वांत जुना असतो.

बोटीच्या नांवाची योग्यता कोंकण्यास सांगावयास नको. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशीं 'जयंती' व 'तुकाराम' या बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या बोटींचे मालक कोण, वजन किती, हें आज कोणास विचारावें लागेल. नांव विचारावें लागत नाहीं. ज्या शब्दानें पुढें पिढ्या शोक करावयाच्या किंवा आठवण काढावयाची, तो शब्द निष्काळजीपणानें निवडूं नये. सन २०२० त मुंबईहून मांडव्यास वाहनांची मोठी बोट सुरू झाली. तिचें नांव 'एम टू एम-१'. हें नांव नव्हे, पत्ता आहे.

आमच्या सूचना अशा. आमच्या भाषेंत तर, नाव, होडी, बोट हे सर्व शब्द स्त्रीलिंगी आहेत, म्हणून नांव शक्यतों स्त्रीलिंगी असावें. एका तीरावरून दुसऱ्या तीरास हांक मारतां येईल इतकें तें आंखूड असावें. हयात मनुष्याचें नसावें. आणि तें त्याच पाण्याचें असावें. या दृष्टीनें वेसवी-बागमांडल्याच्या उतारास 'सावित्री', दाभोळ-धोपाव्यास 'वाशिष्ठी', आगरदांडा-दिघीस 'राजपुरी', करंजा-रेवसच्या उतारास 'धरमतर' हीं नांवें सहज शोभतील. मांडव्याच्या बोटीस त्या तालुक्याच्या प्राचीन बंदरावरून 'चेमुला' म्हणावें. जयगड-तवसाळच्या खाडीची नदी शास्त्री. पण 'शास्त्री आली' म्हटल्यास ऐकणारा घोटाळ्यांत पडेल, म्हणून तेथें सभासदाच्या बखरींतील आरमाराच्या यादींतून 'गुराब' घ्यावें. त्याच यादींत 'पगार' नांवाची नावहि आहे. ती मात्र टाळावी, नाहींतर खलाशांची थट्टा व्हावयाची. आणि मढच्या तरीस 'वेसावकरीण' या नांवाहून गोड नांव आम्हांस सुचत नाहीं; त्या एका नांवानें पाटीवरील रफारास उत्तर मिळेल.

हें आतांच लिहिण्याचें कारण आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाच्या योजनेंत या बहुतेक खाड्यांवर पूल योजिले आहेत. रेवदंड्याच्या खाडीवर पूल झाला तशी तेथील तरीची गोष्ट मागें पडली. पूल व्हावेत, रात्रीं-अपरात्रीं आजारी मनुष्य घेऊन कांठावर बसणाऱ्यास विचारा म्हणजे कळेल. परंतु पुलावरून जाणारा कांठच्या गांवाचें नांव उच्चारीत नाहीं, आणि न उच्चारलेलें नांव पाटीवरच्या लेखनाप्रमाणें बदलत जातें. तर चालू आहे तोंवर तीवर नांव शुद्ध लिहावें, आणि तांडेल हयात आहेत तोंवर त्यांच्या तोंडचें रूप उतरून घ्यावें.

असो. वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं तरींचे मक्ते, कौल, जकातीच्या यादी किंवा बंदरांचे जमाखर्च असतील, त्यांनीं त्यांतील ग्रामनामांचीं प्रथमेचीं रूपें, आढळतील तशींच, कांहींएक न सुधारतां प्रसिद्ध करावीं अशी आमची विनंती आहे. त्यांत 'बागमांडला' निघाल्यास आम्ही आमचा तर्क आनंदानें मागें घेऊं.