नीरो : विकायचा नाही, वाटायचा

गोव्याबाहेर काजू म्हटलं की गर आठवतो, फार तर फेणी. पण आमच्या पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या जुन्या माणसांना विचारा, ती आधी नीऱ्याचं नाव काढतील.

काजू मूळचा ब्राझीलचा. 16व्या शतकात पोर्तुगिजांनी तो गोव्यात आणला. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे गेले 18व्या शतकाच्या अखेरीस. पेडणे तर 1788 साली, तोवर सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल. म्हणजे झाड परदेशी खरं, पण आमच्या डोंगरांवर ते इतकं रुजलं की शिमग्यापासून मिरग लागेपर्यंतचा सगळा हंगाम त्याचाच झाला.

पहाटेच डोंगरावर जायचं. बोंडू झाडावरून काढायचे नाहीत, पिकून खाली पडलेलेच वेचायचे. बी पिळून वेगळी करायची. बिया विकून पुरुमेंताचं सामान यायचं आणि जूनमध्ये पोरांची पुस्तकं. बोंडू जायचे कोळमीत, म्हणजे दगडात खोदलेल्या कुंडात. तिथं ते पायांनी तुडवायचे. तो रस भट्टीचा, आंबवून त्याचा हुर्राक आणि फेणी व्हायची. उरलेल्या चोथ्याची ढेप रानवेलीने बांधायची आणि वर मोठा धोंडा ठेवायचा. रात्रभर थेंब थेंब गळतो तो नीरो. नितळ, गोड, आणि नशा अजिबात नाही. म्हणून तो भट्टीची पायरी कधी न चढणाऱ्या सोवळ्या घरांतही चालायचा.

सकाळी शेजारून हाक यायची, "काकी, नीरो झालो, तांब्यो धाडा!" आजी तांब्या कधी रिकामा पाठवायची नाही. त्यात चार कोकमं तरी असायचीच, आणि परत यायचा तो नीऱ्याने भरून.

कॅनडात मेपलच्या झाडाचा रस आटवतात. साधारण 40 लिटर रसाचा 1 लिटर पाक होतो आणि तो महिनोन्महिने टिकतो. नीऱ्याचं तसं नाही. ऊन चढलं की तो आंबायला लागतो. साठवता येत नाही, लांब बाजारात नेता येत नाही. मग उरतो शेजारच! मला वाटतं, आमच्या वाड्यांची निम्मी भांडणं या तांब्यांनीच मिटवली असतील.

काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. चांगलंच झालं. पण डिचोलीचे कितीतरी डोंगर खाणींनी खाल्ले आणि मोप्याच्या सड्यावर आज विमानं उतरतात. बाटलीला मान मिळाला, तांब्याची वाट मात्र मोडत चालली.

तुमच्या कुळागरात, डोंगरात एखादी जुनी कोळमी असेल, तर ती बुजवू नका. घरात म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा, तिथं कोण कोण तुडवायला यायचं आणि तांबे कुठल्या कुठल्या घरी जायचे. ती नावं लिहून ठेवा. आपल्या वाड्याचा तेवढा इतिहास दुसरं कुणी लिहिणार नाही.